कीर्तीचा सदुपयोग

मनुष्यास हिताची गोष्ट सांगणे सोपे असते. परंतु ती त्याच्या मनात उतरवणे फार अवघड असते. तंबाखू शरीरास घातक आहे, हे आज कोणास ठाऊक नाही? वैद्य तसे सांगतात, शिक्षक सांगतात, सिगारेटच्या पाकिटावरही तशी सूचना चित्रासह छापलेली असते. तरीही पाकीट विकत घेणारा माणूस त्या सूचनेकडे न पाहताच ते उघडतो. ऐकण्याची इच्छाच नसल्यामुळे कितीतरी हिताचे बोल असे वाया जातात.

ही अडचण ओळखून अनेक देशांतील शासनांनी व आरोग्यसंस्थांनी एक मार्ग अवलंबिला. ज्यांचे नाव घराघरांत पोहोचले आहे आणि ज्यांच्यावर लोकांचे प्रेम आहे, अशा खेळाडूंना त्यांनी दूरचित्रवाणीवरून आरोग्याचा संदेश देण्याची विनंती केली. खेळाडू हा काही वैद्य नव्हे. मग त्याच्या शब्दाला एवढे वजन कोठून येते? आणि आपण ते वजन कितपत मानावे? या दोन प्रश्नांचा विचार करताना एका थोर फुटबॉलपटूची हकीकत आपल्या उपयोगी पडेल.

योहान क्रायफ याचा जन्म १९४७ साली नेदरलंड्समधील ॲमस्टरडॅम शहरात झाला. त्याच्या वडिलांचे भाजीपाल्याचे व फळांचे लहानसे दुकान होते. आयाक्स या नामांकित फुटबॉल संघाचे मैदान त्याच्या घरापासून जवळच होते. १९५९ साली, योहान अवघा बारा वर्षांचा असताना, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे वडील वारले. संसाराचा भार एकट्या आईवर पडला. ती आयाक्स संघाच्या आवारात साफसफाईचे काम करू लागली. आणि त्याच संघाच्या मैदानावर तिचा मुलगा खेळाचे धडे गिरवू लागला.

१९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, योहान मुख्य संघातून खेळू लागला. चेंडू पायाशी आला म्हणजे तो आता कोणत्या दिशेने वळणार, हे प्रतिस्पर्ध्यास अखेरपर्यंत कळत नसे. १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षे आयाक्स संघाने युरोपीय विजेतेपदाचा चषक जिंकला. युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून क्रायफ यांचा तीन वेळा गौरव झाला. १९७३ साली ते स्पेनमधील बार्सिलोना संघात दाखल झाले आणि लगेच पुढील वर्षी त्या संघाने चौदा वर्षांनंतर प्रथमच देशातील साखळी स्पर्धा जिंकली. १९८८ साली क्रायफ प्रशिक्षक म्हणून पुन्हा बार्सिलोनास आले. त्या नगरीतील आबालवृद्धांना त्यांच्याविषयी किती आपुलकी वाटत असेल, याची यावरून कल्पना येईल.

परंतु मैदानावर वाऱ्याशी स्पर्धा करणाऱ्या या पुरुषास एक व्यसन जडले होते. तरुणपणापासून ते धूम्रपान करीत. दिवसाकाठी वीसच्या आसपास सिगारेटी ते ओढत असत. इतका चपळ खेळाडू धूम्रपान करतो आणि तरीही सर्वांच्या पुढे धावतो, हे पाहून, धुराने शरीराचे काही बिघडत नाही, असे एखाद्यास वाटले असते तर नवल नव्हते. पण शरीराच्या आत काय घडत आहे, हे बाहेरून दिसत नाही.

तंबाखूच्या धुराबरोबर निकोटीन नावाचे द्रव्य काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूस त्याची चटक लागते आणि ते मिळाले नाही तर जीव कासावीस होतो. यासच आपण व्यसन म्हणतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तवाहिन्यांचे आतील नाजूक अस्तर हळूहळू बिघडते. त्यावर मेदाचे थर साचू लागतात. पाण्याच्या नळीत क्षार साचत गेले म्हणजे जशी पाण्याची धार बारीक होत जाते, तशीच हृदयाकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अरुंद होत जाते. ही क्रिया वर्षानुवर्षे गुपचूप चालू असते. शेवटी एके दिवशी छातीत कळ येते, तेव्हा कोठे माणूस जागा होतो.

क्रायफ यांच्या बाबतीत तो दिवस फेब्रुवारी १९९१ मध्ये उगवला. त्यांचे वय तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते. हृदयास रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत अडथळे निर्माण झाल्याचे आढळले आणि वैद्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. रस्ता खचला असता वाहनांसाठी जसा बाजूने नवा रस्ता काढतात, तसा या शस्त्रक्रियेत शरीराच्या दुसऱ्या भागातील रक्तवाहिनी जोडून अडथळ्यास वळसा घालणारा नवा मार्ग तयार करतात. ज्या विकाराने वडिलांना नेले, त्याच विकाराच्या दारातून क्रायफ परत आले. त्यांनी धूम्रपान कायमचे सोडले.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर ती एका कुटुंबापुरतीच राहिली असती. बार्सिलोना हे शहर कॅटलोनिया या प्रांताची राजधानी आहे. तेथील शासनाच्या आरोग्यखात्याने दूरचित्रवाणीसाठी एक लहानशी जाहिरात तयार केली आणि तीत क्रायफ यांनी काम केले. पडद्यावर क्रायफ येतात. त्यांच्यासमोर चेंडू नसतो, सिगारेटचे पाकीट असते. चेंडू जमिनीवर पडू न देता जसा उडवत राहावा, तसे ते त्या पाकिटास पायाने, मांडीने, टाचेने, छातीने, खांद्याने व डोक्याने उडवत राहतात. असे सोळा वेळा ते पाकीट हवेत उसळते आणि अखेरीस एका जोरदार फटक्याने ते दूर भिरकावून देतात. हे चालू असताना ते प्रेक्षकांशी बोलतही असतात. आयुष्यात आपल्याला दोन गोष्टींचे वेड होते, एक फुटबॉलचे आणि दुसरे धूम्रपानाचे. फुटबॉलने आपल्याला जवळजवळ सर्व काही दिले आणि धूम्रपानाने ते जवळजवळ सर्व हिरावून नेले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ही जाहिरात लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. याची कारणे शोधली म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

पहिले कारण असे, की तिने प्रथम डोळे जिंकले आणि मग कान जिंकले. पाकीट खाली पडते की काय, या उत्सुकतेने पाहणारा जागच्या जागी खिळून राहतो. आणि एरवी जे बोल त्याने ऐकलेच नसते, ते तो नकळत ऐकतो. ज्या पायांचे कौशल्य पाहण्यास हजारो लोक मैदानावर गर्दी करीत, त्याच पायांनी तो संदेश दिला होता.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. क्रायफ जे बोलले, ते त्यांनी स्वतः भोगले होते. शस्त्रक्रियेची बातमी सर्वांना ठाऊक होती. स्वतः सिगारेट ओढत दुसऱ्यास ती सोडण्याचा उपदेश करणारा माणूस हास्यास्पद ठरतो. पण स्वतःची चूक चारचौघांत कबूल करणाऱ्या माणसापुढे ऐकणाऱ्याची मान आपोआप लवते. उक्ती आणि कृती यांचा असा मेळ बसला, की साध्या शब्दांसही बळ येते.

तिसरे कारण भाषेचे. कॅटलोनियातील लोकांना आपल्या कॅटलान भाषेचा मोठा अभिमान आहे. परदेशात जन्मलेले क्रायफ या जाहिरातीत त्याच भाषेत बोलले. धूम्रपान करणाऱ्यांची त्यांनी निंदा केली नाही किंवा त्यांना धाकही घातला नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाने स्वतःची हकीकत सांगावी, तसे ते बोलले.

क्रायफ यांनी या संदेशाशी पुढेही इमान राखले. सामना चालू असताना, ज्या बाकावर बसून ते पूर्वी सिगारेट ओढत, त्याच बाकावर आता ते काडीला लावलेली साखरेची गोळी चोखत बसलेले लोकांना दिसू लागले. १९९२ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली बार्सिलोना संघाने युरोपीय चषक प्रथमच जिंकला.

मात्र या कथेचा शेवट सांगितल्याशिवाय तिचा बोध पूर्ण होत नाही. २०१५ साली क्रायफ यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि २४ मार्च २०१६ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका विशिष्ट माणसास कर्करोग नेमका कशाने झाला, हे ठामपणे सांगणे कठीण असते. परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. मग सिगारेट सोडून त्यांना काय लाभले, असे कोणी विचारील. त्यांना पंचवीस वर्षे लाभली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा धोका, धूम्रपान करीत राहणाऱ्याच्या तुलनेने, सुमारे निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येण्यास मात्र सुमारे दहा वर्षे लागतात, आणि तो धोका पूर्णपणे नाहीसा होतोच असे नाही. तात्पर्य, व्यसन केव्हाही सोडले तरी हितच होते. पण त्यास मुळीच हात न लावणे हे सर्वांत हिताचे.

ज्या १९९१ साली क्रायफ यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी अमेरिकेतील एका खेळाडूने वेगळ्या प्रकारचे धैर्य दाखवले. 'मॅजिक' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले अर्विन जॉन्सन हे बास्केटबॉलचे अग्रगण्य खेळाडू. आपल्या शरीरात एचआयव्ही हा विषाणू आढळला आहे, असे त्यांनी ७ नोव्हेंबर १९९१ रोजी पत्रकारांसमोर स्वतः जाहीर केले आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवरून घरोघरी दिसले. हा विषाणू शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण करतो. उपचार न मिळाल्यास त्यातून एड्स हा रोग होतो. त्या काळी या रोगाविषयी लोकांच्या मनात भीतीबरोबरच लज्जाही होती. रुग्ण आपला आजार लपवीत आणि शेजारी त्यांना दूर लोटीत. हस्तांदोलनाने, एकत्र जेवल्याने किंवा एकत्र खेळल्याने हा विषाणू पसरत नाही, असे वैद्य सांगत होते. पण ते पटणार कसे? फेब्रुवारी १९९२ मध्ये जॉन्सन निवडक खेळाडूंच्या मोठ्या सामन्यात पुन्हा उतरले. सामना संपताच दोन्ही संघांतील खेळाडूंनी त्यांना मिठ्या मारल्या. जे पुस्तकांना साधले नव्हते, ते त्या मिठ्यांनी साधले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात ते मुलांबरोबर बसून या रोगाविषयी मोकळेपणाने बोलले.

पण येथेच या मार्गातील एक धोकाही दिसतो. जॉन्सन पुढे अनेक वर्षे धडधाकट राहिले, हे पाहून ते पूर्ण बरे झाले असावेत, असा काहींचा समज झाला. तो समज चुकीचा होता. विषाणू शरीरातून गेला नव्हता. नियमित घेतलेल्या औषधांनी त्यास दाबून ठेवले होते. लोकांना खेळाडू दिसतो; त्याने रोज घेतलेले औषध दिसत नाही. म्हणून संदेश देणाऱ्याने अर्धे सत्य सांगून चालत नाही.

दुसरी मर्यादा आपल्याच देशातील उदाहरणाने स्पष्ट होईल. पोलिओ या रोगाने मुलांचे पाय कायमचे लुळे पडत. १९९५ साली भारतात, ठरावीक दिवशी प्रत्येक लहान बालकास लस पाजण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या अभिनेत्यांनी, तसेच क्रिकेटपटूंनी दूरचित्रवाणीवरून मातापित्यांना 'दोन थेंबां'ची आठवण करून दिली. तो आवाज ऐकून पुष्कळ आया मुलांना कडेवर घेऊन केंद्राकडे निघाल्या. परंतु केंद्रावर लसच नसती, तर त्या आवाजाचा काय उपयोग झाला असता? लस थंड ठेवणाऱ्या पेट्या खांद्यावर घेऊन आरोग्यसेविका गल्लीबोळांतून, वस्त्यांतून आणि वीटभट्ट्यांतून हिंडल्या. लस दिलेल्या प्रत्येक मुलाच्या करंगळीस त्या शाईची खूण करीत. ज्या घराने दार लावून घेतले, तेथे त्या पुन्हा गेल्या. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त घोषित झाला. प्रसिद्ध माणसांनी दार ठोठावले. पण आत जाऊन काम केले ते ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशा सहस्रावधी माणसांनी.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. कीर्ती ही धारदार सुरीसारखी आहे. तिने फळ कापता येते आणि हातही. ज्या शक्तीने क्रायफ यांनी लोकांस सावध केले, तीच शक्ती तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखली होती. अमेरिकेत एके काळी नामांकित बेसबॉलपटू सिगारेटच्या जाहिरातींत हसतमुखाने झळकत असत. खेळाडूची छाती भरदार, श्वास दमदार. तो जी सिगारेट ओढतो ती अपायकारक कशी असेल, असे लोकांस वाटावे हाच त्यामागील हेतू होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे महत्त्वाचे संशोधन १९५० साली प्रसिद्ध झाले. परंतु अमेरिकेतील रेडिओ व दूरचित्रवाणीवरून सिगारेटच्या जाहिराती हद्दपार होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. आपल्याकडेही १९९६ सालची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने भरवली गेली होती. भारतात २००३ सालच्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींस बंदी केली. तरीही सुपारी, वेलची अशी निरुपद्रवी नावे पुढे करून, तंबाखूच्या पुड्यांचे नाव व रंग लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या जाहिराती निघतात आणि त्यांत प्रसिद्ध माणसेही दिसतात.

याच १९९६ सालच्या स्पर्धेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईचे सचिन तेंडुलकर यांनी त्या स्पर्धेत सर्वांत अधिक, म्हणजे ५२३ धावा केल्या. पण त्यांच्या बॅटीवर कोणत्याही कंपनीचे चिन्ह नव्हते. त्यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी होते. तंबाखू आणि मद्य यांची जाहिरात कधीही करणार नाही, असा शब्द आपण वडिलांस दिला होता, हे सचिन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. क्रायफ यांनी बोलून जे लोकशिक्षण केले, ते येथे नकार देऊन झाले.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. खेळाडूच्या शब्दाला वजन द्यावे. पण ते तोलून द्यावे. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. हे बोलणे कोणाच्या हिताचे आहे, ऐकणाऱ्याच्या की विकणाऱ्याच्या? बोलणाऱ्याच्या मागे वैद्यकशास्त्राचा आधार किंवा त्याचा स्वतःचा खरा अनुभव आहे काय? आणि ऐकल्यानंतर काय करावे व कोठे जावे, हे त्यात सांगितले आहे काय? या तीन कसोट्यांस जो संदेश उतरेल तो स्वीकारावा. जो उतरणार नाही तो, सांगणारा कितीही मोठा असला तरी, नम्रपणे बाजूस ठेवावा.

शिवाय प्रत्येक देशाचे दुखणे निराळे असते, हेही विसरू नये. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की भारतातील प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक विडी-सिगारेट ओढतात, तर २१.४ टक्के लोक तंबाखू, गुटखा, मिश्री अशा धूरविरहित रूपांत तिचे सेवन करतात. म्हणजे आपल्याकडे पाकिटापेक्षा पुडीचा धोका अधिक आहे. हृदयाबरोबरच तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, आणि ती घरात, शेतावर, कारखान्यात बोलल्या जाणाऱ्या मराठीत सांगितली पाहिजे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना विनामूल्य सल्ला देणारा दूरध्वनी क्रमांक आता सिगारेटच्या पाकिटावर व तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो. घरातील कोणास ते व्यसन असेल, तर तो क्रमांक त्यांच्या नजरेस आणून देणे हे तुमच्या वयाच्या मुलामुलींनाही सहज करता येण्यासारखे काम आहे.

कीर्ती लोकांच्या प्रेमातून जन्मास येते. ती लोकांच्या हितासाठी खर्च करणे, हाच तिचा सदुपयोग होय. परंतु कितीही मोठा खेळाडू झाला, तरी तो आपल्याला केवळ सावध करू शकतो. क्रायफ यांनी आपल्या वाट्याचे पाकीट दूर भिरकावले. आपल्यापुढे येणारी पुडी नाकारण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.